बशीशेजारचा बुश

काल पोह्यांत मीठ जास्त झालं म्हणून ह्यांनी तोंड उघडलं, तोच मी शिवणाच्या डब्यातला गाडीचा काळा रबरी बुश त्यांच्या बशीशेजारी ठेवला. पन्नास वर्षं होत आली, तरी त्याला ग्रीसचा वास येतो.

त्या वासासरशी मी सोलापूरच्या आमच्या अंगणात पोचते. जुनी गाडी घेतली होती आणि मी नुकतीच चालवायला शिकले होते. क्लच सोडला की मागून धप्प आवाज यायचा. "हळू सोड, डिफरन्शियल फोडशील," हे म्हणायचे. ते चालवतानाही आवाज यायचा, पण तेव्हा दोष रस्त्याचा असायचा. शेवटी मी किल्लीच परत दिली.

शेजारचे नरसय्यामामा मिलमध्ये मागांची दुरुस्ती करायचे. एका रविवारी ते चाकांना विटा लावून, पोतं अंथरून गाडीखाली डोकावले. "वहिनी, हँडब्रेक ओढा, गिअर टाका, क्लच जरा जरा सोडा."

धप्प.

"लोखंड असतं तर खण्ण वाजलं असतं. हे मागच्या कमानपाट्याच्या टोकाचं रबर, बुश, गेलंय की. म्हणून डिफरन्शियलचा गोळा जागेवर उडी मारतोय. वहिनींचा पाय बरोबर हाय."

साबणाचं पाणी लावून त्यांनी नवे बुश बसवले. मी गाडी काढली. आवाज नाही. शेजारी बसलेले हे खिडकीबाहेर बघत राहिले.

झिजलेला बुश मी तेव्हा न्यायासाठी जपून ठेवला. आता तो बहुधा अन्यायालाच उपयोगी पडतो. काल ह्यांनी निमूटपणे बशी संपवली. पोहे खरंच खारट होते.