ड्रॅगनची ट्रान्सफर

"बाई, हे पुस्तक आपल्याला इश्यू होणार नाही. याच्या मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे."

हे वाक्य मी पूर्ण गांभीर्याने उच्चारले. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनालयाचा नियमच तसा होता. ज्या पुस्तकात जादू, राक्षस किंवा पंख असलेला प्राणी असेल, ते बालविभागात जायचे. आणि बालविभागातले पुस्तक केवळ बालकार्डावर मिळायचे. मग त्याचा आकार काहीही असो. प्रस्तुत कादंबरी तर दोन्ही हातांनी उचलावी लागे.

काउंटरपलीकडे रुखसानाबाई उभ्या होत्या. स्वारगेटजवळच्या एका दवाखान्यात त्या नोकरी करत. आमच्या जुन्या मेंबर.

"काका, मला मूलबाळ नाही. मग मी काय करायचं?"

"लोक भाच्याच्या नावाने कार्ड काढतात."

"म्हणजे खोटं बोलू?"

नुकतीच संध्या करून आलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी चष्मा पुसत बसलो.

"अब्बांना मी रोज वाचून दाखवायचे," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांना घरची माणसं ओळखू येत नव्हती, पण गोष्टीतली यायची. ते गेले आणि माझं एकही पुस्तक पुरं होईना. खऱ्या जगातलं दुःख आता वाचवत नाही, काका. दुसऱ्या कुठल्या जगातलं असेल तर चालेल. फक्त माणसं अशी हवीत, की पुस्तक मिटलं तरी उठून जायची नाहीत. नसेल तसं, तर माझं कार्ड परत घ्या. उगाच कशाला ठेवायचं?"

मेंबर कार्ड परत करू लागला, की ग्रंथपालाची अवस्था रोगी अर्ध्या औषधावरून उठून गेलेल्या वैद्यासारखी होते. मी त्यांना आठवडाभर थांबण्याची विनंती केली आणि बापटसाहेबांकडे गेलो. बापटसाहेब आमचे कार्यवाह, म्हणजे वाचनालयाचे सेक्रेटरी.

"शास्त्रीबुवा, मोठ्या माणसांनी ड्रॅगन वाचायचे? उद्या घसरगुंडी मागतील."

"पुस्तकाची ट्रान्सफर करता येईल, साहेब."

एका विभागातले पुस्तक दुसऱ्या विभागात हलवणे, याला आम्ही ट्रान्सफर म्हणत असू. त्यासाठी ग्रंथपालाचा रिपोर्ट लागे.

"द्या रिपोर्ट. पण अथपासून इतिपर्यंत वाचून द्या. न वाचता मत देण्याची सोय आपल्याकडे फक्त कमिटीला आहे."

माझे शिक्षण पाठशाळेत झाले. ग्रंथ वाचण्याची एकच रीत मला ठाऊक आहे. स्नान करावे, पाटावर बसावे, मोठ्याने वाचावे, आणि अध्याय सुरू झाला की मध्ये उठू नये. यालाच पारायण म्हणतात. तेव्हा आमच्या घरी ड्रॅगनचे पारायण सुरू झाले.

सौभाग्यवती मेथी निवडत होत्या. "अहो, ही पोथी कोणत्या देवाची?"

"अद्याप उलगडलेले नाही."

कथा एका आंधळ्या, म्हाताऱ्या ड्रॅगनची होती. झोपेतून उठला की त्याला काहीच आठवत नसे. त्याला सांभाळणारी एक प्रौढ बाई होती. तो आग ओकण्यापूर्वी तिने रोज सकाळी त्याच्यासमोर जाऊन आपण कोण ते सांगायचे, हा तिचा नेम. एके दिवशी तिचा आवाजच बसतो. तरीही ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. त्या ठिकाणी आमचे दूध उतू गेले. मी उठलो नाही, कारण अध्याय चालू होता. सौभाग्यवती का उठल्या नाहीत, हे मी विचारले नाही.

"त्याने तिला ओळखलं का हो?"

"ते पुढच्या अध्यायात."

"मग वाचा की! जेवण काय पळून जातंय?"

रिपोर्टमध्ये मी लिहिले: 'विषय विस्मरण आणि सेवा. ड्रॅगन निमित्तमात्र. लहानांना कळेल, मोठ्यांना लागेल.' कमिटीत हरकत निघाली. मी नम्रपणे विचारले, "कीर्तनात पर्वत उडतात, तेव्हा आपण मोठ्या माणसांना बाहेर बसवतो का?" ट्रान्सफर मंजूर झाली.

"मात्र नियम दोन्हीकडून पाळायचा," बापटसाहेबांनी बजावले. "मोठ्यांचं पुस्तक आता बालकार्डावर नाही म्हणजे नाही!"

रुखसानाबाईंच्या हाती पुस्तक देताना मी एकच पथ्य सांगितले. मोठ्याने वाचा, आणि अध्याय सोडून उठू नका.

"ऐकणार कोण, काका?"

"देवळात कुणी नसले तरी पोथी चालते, बाई."

पुस्तक परत करण्याच्या दिवशी त्या रिकाम्या हातांनी आल्या.

"पुस्तक?"

"अम्मीजवळ आहे. अब्बा गेल्यापासून ती त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. मी तिथं बसून वाचायला लागले. आधी नुसती दारात उभी राहिली. मग आत आली, पलंगावर बसली. म्हणे, 'इतकी भराभर काय वाचतेस? तुझे अब्बा थांबवायचे.' दोघी रडलो, काका. मग ड्रॅगनचं चुकलं का त्या बाईचं, यावरून भांडलो. आता तिला परत पहिल्यापासून ऐकायचंय. रिन्यू करून द्या."

कार्ड परत करण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी तर काढणारच नव्हतो.

इतक्यात मागून बापटसाहेबांनी घसा खाकरला. "थांबा, थांबा. ते पुस्तक माझ्या भाच्याला हवं होतं."

साहेबांच्या एकुलत्या भाच्याला नुकताच जावई आला होता, हे मला ठाऊक होते. त्या लग्नाची जिलबी मीही खाल्ली होती.

"साहेब, चालू पारायण मोडता येत नाही. यांचे झाले की आपला नंबर. पण भाच्यासाठी मिळणार नाही. पुस्तक आता बालकार्डावर नाही म्हणजे नाही."

रुखसानाबाई भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे फार लक्षपूर्वक पाहू लागल्या.

"मग?"

"आपल्या स्वतःच्या नावावर घ्यावे लागेल."

साहेबांनी दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. मग ते वाकून हळूच म्हणाले, "लिहा. पण बारीक अक्षरात लिहा."

त्यानंतर बालविभागातली बरीच जाडजूड पुस्तके ट्रान्सफर झाली. कमिटीने एकही अडवले नाही. उलट, रिपोर्ट येण्याआधीच ती कुणीतरी घरी नेलेली असत. या व्यवसायात मी एवढे शिकलो, की मोठ्या माणसालाही गोष्ट हवीच असते, फक्त मागायला त्याला भाचा लागतो. दुसरा धडा घरगुती आहे. दूध तापत ठेवण्यापूर्वी अध्याय किती पानांचा आहे, हे पाहून घ्यावे.