अ‍ॅडजस्ट झालेला नवरदेव

माझ्या साखरपुड्याला माझ्याखेरीज सगळे वेळेवर पोहोचले. याचं श्रेय 'अ‍ॅडजस्ट' या इंग्रजी शब्दाला.

साहेबाच्या शब्दकोशात त्याला एक-दोनच अर्थ आहेत. बिचारा सोलापुरात राहिला नाही! आमच्याकडे शिंप्याचं माप चुकलं की तो म्हणतो, "अंगावर अ‍ॅडजस्ट होतंय." पाहुणे वाढले की आई आमटी अ‍ॅडजस्ट करते (म्हणजे पाणी ओतते). आणि एसटीत "जरा अ‍ॅडजस्ट करा की" असं कानावर येतं, तोवर बोलणारा आपल्या मांडीवर बसलेला असतो.

साखरपुडा मैंदर्गीला होता. मुलीचे आजोबा मुहूर्ताच्या बाबतीत भलते कडक. वडिलांनी, म्हणजे बापूंनी, घरच्यांपुरती जीप सांगितली. पण निघताना शेजारी "येतो" म्हणून सांगायचं, आणि बरं दिसावं म्हणून "चला की तुम्हीपण" म्हणायचं, ही बापूंची रीत. त्यावर समोरच्याने "नको, तुम्ही या जाऊन" म्हणायचं असतं. शेजारचे अण्णा म्हणाले, "चला की!" पायात चपला होत्याच. (शर्टही इस्त्रीचा. माणूस दबा धरूनच बसला होता!)

"आमी कुटंबी अ‍ॅडजस्ट हुतो," म्हणत अण्णांच्या मागून त्यांच्या घरच्या काकूही आल्या.

नवी पेठेच्या कोपऱ्यावर आत्या उभी होती. सोबत तिच्या नणंदा, आणि त्यांच्या सोबत जावा. सगळ्या चढल्या. जीपचं दार लागेना.

"एक मानूस उतरल्याबिगर गाडी हलत न्हाय," ड्रायव्हर म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"उतर की," आत्या म्हणाली. "तू तरणा हायस."

"आत्या, साखरपुडा माझा आहे!"

"मग तुला सोडून करत्यात व्हय? आमाला सोडून करतील!"

तर्क बिनतोड होता. मी उतरलो. दार लागलं. आईच्या मांडीवरची अंगठी, नारळ आणि माझा फेटा मजेत पुढे गेले.

मला मिळाला तो मैंदर्गीच्या बाजाराला निघालेला टेम्पो. आत शेळ्या. "जरा अ‍ॅडजस्ट करा," मी त्यांना म्हणालो. त्या सरकल्यासुद्धा! (आत्यापेक्षा समजूतदार.) फक्त एकीने भाडं म्हणून नव्या झब्ब्याची बाही खाल्ली.

धावत मांडवाशी पोहोचलो. आत आजोबांचा आवाज चढला होता, "मुहूर्त टळाय आला! नवरदेव कुटं हाय?" मी पुढे घुसणार, तोच दारातल्या गृहस्थांनी माझ्या बाहीकडे पाहिलं, वास घेतला आणि हात आडवा घातला.

"ओ दादा, जरा मागं अ‍ॅडजस्ट करा. नवरदेव यायचाय अजून."

आणि मी सवयीने मागे सरकलो. नवरदेवाची वाट बघत उभाही राहिलो!