शेवटच्या प्रकरणात लागलेली भूक

माझ्या नावावर एकच पुस्तक आहे. मुलांसाठी लिहिलेली साहसकथा. एक विक्षिप्त शास्त्रज्ञ, अख्ख्या शहराची वीज पिऊन टाकणारं त्याचं यंत्र आणि ते शोधायला निघालेले भाऊ-बहीण. ते लिहिलं तेव्हा मी दिल्लीत सरकारी नोकरीत होतो. आता मुलीकडे नोएडात राहतो. प्रकाशकांना पुस्तक पुन्हा काढायचं होतं, म्हणून यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याची पिवळी पडलेली प्रत नातीच्या हातात दिली. खरं तर दोन कौतुकाचे शब्द ऐकायला.

नात मराठी वाचते, पण अडखळत.

"आबा, भुयार म्हणजे?"

"जमिनीखालची वाट."

"मग सुरंग लिहा ना यार!"

"आबांना यार म्हणायचं नाही," स्वयंपाकघरातून तिची आई ओरडली.

पुस्तक संपलं तशी ती माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली. "खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"बिल्कुल नाही."

"यंत्र मस्त आहे. सायंटिस्ट ओके. पण तो मुलगा किती भाषणं देतो! आणि बहीण नुसता टॉर्च धरते. पूर्ण पुस्तकभर टॉर्च! शिवाय सकाळपासून ती दोघं भुयारात आहेत, त्यांना भूक कशी लागत नाही?"

"अगं, साहसाच्या वेळी भूक कसली?"

"मला तर मेट्रोतसुद्धा लागते." मग पानं उलटत ती शेवटाकडे गेली. "पण हे शेवटचं एकदम भारी आहे. इथे ते गच्चीवर बसून शंकरपाळे खातात, त्यावरून भांडतात आणि मग आयडिया येते. आबा, हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं."

इतक्या वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आणि ते खरं होतं.

पुस्तक लिहिताना मी शेवटाशी अडलो होतो. एवढ्या मोठ्या शहरात लपवलेलं यंत्र दोन मुलांना सापडावं कसं? त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमच्या सरकारी क्वार्टरमधली वीज गेली. वीज गेली की मेणबत्ती नंतर, आधी गच्ची गाठायची, अशी तिथली रीत होती. आपलीच गेली की सगळ्यांची, हे आधी बघायचं. या गच्चीवरून त्या गच्चीवर विचारणा व्हायची, "सबकी गई है क्या?" एखाद्याच घरात उजेड दिसला तर सगळी कॉलनी त्या घराकडे संशयानं बघायची. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. फ्रॉकच्या खिशातून शंकरपाळे काढून खात ती म्हणाली, "बाबा, तुमच्या गोष्टीतल्या मुलीला गच्चीवर पाठवा ना. सगळं शहर अंधारात, आणि ज्याच्या घरी दिवा तोच चोर!"

मी ते तसंच्या तसं लिहिलं, शंकरपाळ्यांसकट. फक्त कल्पना मुलाला सुचते असं केलं. नायक तो होता ना.

पुढे मराठी मंडळात माझा सत्कार झाला. कुणीतरी विचारलं, हा शेवट सुचला कसा? मी ऐटीत म्हणालो, "आंघोळ करताना!" सभागृह हसलं. पहिल्या रांगेत मुलगी पाय हलवत बसली होती. तिचे पाय थांबले. मी दुसरीकडे बघितलं. नंतर कितीदा तिच्यापाशी विषय काढायला गेलो आणि "यंदा ऊन फार आहे" असं काहीतरी बोलून परत आलो.

"आबा, सांगा ना, कुणी लिहिलंय?"

"तुझ्या आईनं."

"आई! तू रायटर आहेस?"

मुलगी कणकेच्या हातांनी बाहेर आली. मी थांबलो असतो तर पुन्हा उन्हाकडेच वळलो असतो, म्हणून एका दमात सगळं सांगून टाकलं. तुझा शेवट चोरला, आणि वर आंघोळीचं सांगितलं.

ती इतकी हसली की खुर्ची ओढून बसावं लागलं. "आंघोळ! बाबा, त्या उन्हाळ्यात आपल्या नळाला पाणी तरी येत होतं का?"

"तुला राग नव्हता आला?"

"आला होता की. पण शेवट घेतलात म्हणून नाही. मी मुलीला पाठवा म्हटलं होतं, तुम्ही तिच्या हातात टॉर्च दिलात."

त्या दुपारी पोळ्या राहिल्या. आम्ही तिघं पुस्तक घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. कल्पना गोष्टीतल्या मुलीला परत मिळाली, टॉर्च मुलाकडे गेला, त्याची भाषणं नातीनं पेन्सिलीनं कापली आणि भुयारात मोकळ्या झालेल्या जागेत स्वतःचं काहीतरी लिहिलं. मग तिनं नवीच शंका काढली, "पण लाइट गेल्यावर जनरेटरचा बॅकअप का नाही आला? आपल्या सोसायटीत तर लगेच येतो."

मुलगी म्हणाली, "सोपं आहे. यंत्राला बॅकअपची वीजसुद्धा पिऊ दे."

यावेळी मी तिला विचारून लिहिलं.

संध्याकाळी प्रकाशकांना फोन केला. म्हटलं, मुखपृष्ठावर दोन नावं घाला, माझ्या मुलीचं आधी.

"तीन!" मागून नात ओरडली. "भुयारात समोसे कुणी पाठवले?"