लोळणारा गंधार

आमच्या बाबांना श्रुतींची पुस्तकी नावं कधीच रुचली नाहीत. तीव्रा, कुमुद्वती, छंदोवती. "हे सूर आहेत का लग्नातल्या करवल्या?" म्हणायचे. पेटीवर कोमल गंधाराला एकच काळी पट्टी असते, पण गळ्यात तो रागाप्रमाणे त्या पट्टीच्या जरा खाली लागतो, कधी जरा वर. ही खालची-वरची जागा पोरांना समजवायची कशी? मूर्तिजापूरच्या विहारात संध्याकाळची वंदना आटोपली की ते आम्हा दोघा भावंडांना घेऊन बसत, आणि तिथंच त्यांनी आपली नावं पाडली. दरबारीतला अगदी खालचा, तो लोळणारा. पेटीवरचा, तो बसलेला. भीमपलासीत किंचित वर सरकतो, तो उकिडवा. आणि शुद्ध गंधार म्हणजे उभा. झालं. आम्हाला पाठांतर म्हणून काही करावंच लागलं नाही.

ताईनं हीच नावं जन्मभर वापरली. अमरावतीला शाळेत संगीत शिकवलं तिनं, आणि मी अकोल्याहून गेलो की चहाच्या आधी माझा गळा तपासायची. मी रिटायर झालो तरी तिची तपासणी काही रिटायर झाली नाही. मला रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

मागच्या हिवाळ्यात तिला लकवा मारला. हातपाय बरेच सावरले, पण शब्द गेले. पाण्याचा पेला समोर धरला तरी त्याचं नाव येईना, नुसती बघत राहायची. दवाखान्यातून घरी आणल्यावर काही दिवसांनी भाचीचा फोन आला.

"मामा, आईले आता गाणंबी नको झालं. मी कीबोर्डवर तिची आवडती दरबारी वाजवून राहिली होती, तं रडाले लागली, हात झटकला. डॉक्टर म्हणे, त्रास होत असंन तर बंद ठेवा."

माझी पाचावर धारण बसली. शब्द गेले, ते मी कसंबसं मनाशी मान्य केलं होतं. मुकी माणसंही जगतात. पण जिला गाणं नको, ती ताई माझी ताईच नव्हे. मग आता तिथं पलंगावर कोण बसलंय, हे बघायला तशीच अमरावतीची बस धरली. बसमध्ये शेजारच्यानं सहज विचारलं, कुठं चालले म्हणून, तर त्याच्यावर उगाच खेकसलो.

घरी ताई उशीला टेकून बसली होती. मला बघून डोळे हलले, बाकी काही नाही. "बघा तुमीच," म्हणत भाचीनं कीबोर्ड मांडीवर घेतला. सा वाजवला, रे वाजवला. ताई शांत. पुढची काळी पट्टी दाबली मात्र, तिचं तोंड वाकडं झालं, डोळे भरले, आणि धड हात सटकन कीबोर्डवर आला.

"थांब," मी म्हटलं. "आता ती काळी पट्टी सोडून वाजव."

सा, रे, म, प. ताई गप्प ऐकत होती. बोटं चादरीवर हलतही होती.

"आता घे ती पट्टी."

पुन्हा हात आला, आधीपेक्षा जोरात.

मला इतकं हसू फुटलं की भाची चिडली. "मामा, हसता काहून?"

"पोरी, तिले गाणं नको नाही झालं. दरबारीत तू बसलेला गंधार लावून राहिली, तिले लोळणारा पाहिजे. अन् तो या डब्यात नाहीच, तू तरी काय करशील?"

जीव भांड्यात पडला माझा. जित्याची खोड म्हणतात ती हीच. कान जागेवर, डोकं जागेवर, आणि राग तर पहिल्याहून जास्त. डॉक्टरांना बिचाऱ्यांना कसं कळावं, की हा आजार नाही, हा आमच्या घरचा स्वभाव आहे.

कीबोर्ड बाजूला ठेवायला लावला आणि मीच सुरू केलं. सा लावला, रे लावला, गंधारावर आलो. सूर कुठला जागेवर बसतोय. वर गेला तो. ताईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. जीभ टाळूला लागली, सुटली, पुन्हा लागली. कपाळावरची शीर दिसायला लागली. भाचीनं माझा दंड धरला.

"लो..." ताईच्या तोंडून आलं. मग सगळा जोर लावून, जडच, पण स्पष्ट, "लोळ... लोळणारा."

"आई बोलली," भाची म्हणाली. "मामा, काय म्हणाली ती?"

"माझं चुकलं म्हणते," मी म्हटलं, आणि मग मला पुढं गाता येईना.