हळदीकुंकवात बुडालेली बंदूक

सासऱ्यांची शिकारीची बंदूक मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर खोलली आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला त्या ओट्यावर पोळी लाटवेना.

बंदूक चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, ती पोलादी पट्टीवर आपटते आणि ठिणगी खालच्या वाटीत पडते. रानडुकरं मारायचे दिवस कधीच सरले. नळी शिशाने बुजवून, पोलिसांकडे रीतसर कागद करून ती शोभेची झाली. पण घराण्याची रीत अशी, की खंडेनवमीचा दिवा काडेपेटीने लावायचा नाही. वाटीत करपवलेली चिंधी ठेवायची, ठिणगी पडून ती धुमसली की नारळाच्या शेंडीत धरून फुंकायची आणि त्या जाळावर वात पेटवायची.

गेल्या वर्षी सासरे, म्हणजे बाबा, गावी विहिरीवर पडले, म्हणून आम्ही त्यांना मुलुंडला आणलं. सोबत बंदूक आली. पहिल्याच पूजेला घोडा जागचा हलेना, तेव्हा माझ्या नवऱ्याने गुपचूप गॅसचा लायटर पुढे केला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. यंदा त्यांनी आधीच बजावलं, "ह्या खेपेक ठिणगी पडाक नाय, तर मी गावाक जातलंय. दिवो थंयच लावतलंय."

गावचं घर बंद, शेजारीपाजारी उठून गेलेले, आणि बाबांना बाथरूमपर्यंत जायला भिंतीचा आधार लागतो. पण माणूस बोलला की करणारा. बॅग भरून दाराशी ठेवली होती.

घरात गॅसचे बर्नर खोलून साफ करणारी मी एकटीच, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. नवरा ऑफिसात मोठा साहेब, पण सिंकची जाळी बघूनही त्याला मळमळतं. "माझ्यासमोर नको ना खोलू," म्हणत तो गॅलरीत गेला.

दोन स्क्रू काढून घोड्याची पेटी उचकटली आणि भपकारा आला. पिढ्यान्‌पिढ्या ह्या लोकांनी बंदुकीला खोबरेल चोपडलं होतं, त्यावर हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. पूजेचं पुसायचं नाही, म्हणून पुसलं कुणीच नव्हतं. आत सगळं कानातल्या मळासारखं चिकट, तपकिरी झालेलं. स्प्रिंगच्या वळणात बुरशी आलेले तांदूळ, आणि त्यांत रुतून मेलेलं झुरळ, अंगभर कुंकू लावलेलं. माझ्या बोटाला चिकटलेला त्याचा पाय काही केल्या निघेना. मी मोरीत जाऊन ओकले, आणि गॅलरीतून नवऱ्याने विचारलं, "झालं का गं?"

गरम पाणी, धुण्याचा सोडा, जुना टूथब्रश. पाणी आमसुलाच्या सारासारखं लाल झालं. तेव्हापासून सार मी तोंडाला लावलेलं नाही. नवऱ्याच्या जुन्या पट्ट्याचं चामडं कापून गारगोटी त्यात घट्ट बसवली, धारेची बाजू पुढे. मग कौतुकाने सगळ्यालाच शिलाई मशीनचं तेल लावलं. घोडा झकास पडला. ठिणगी नाही. पुन्हा पाडला. नाही.

बाबा खुर्चीतून बॅगेकडे बघत होते.

काडेपेटीच्या कडेला तेलाचा हात लागला की काडी पेटत नाही, हे मी रोज अनुभवते. तरी त्या पोलादी पट्टीला मीही तेल चोपडून ठेवलं होतं. म्हणजे इतकी वर्षं ह्या घरात राहून मीही त्यांतलीच झाले होते. पट्टी साबणाने घासली, कोरडी खटखटीत केली. पुढच्या खेपेला ठिणग्यांचा झुबका उडाला. बाबा उठून बॅगेतले लेंगे काढून कपाटात ठेवू लागले.

खंडेनवमीचा दिवा थाटात लागला. बाबा राहिले, ह्याचा मला खरंच आनंद आहे. पण आता ते रोज तिन्हीसांजेचा दिवाही बंदुकीनेच लावतात. घरभर करपलेल्या चिंधीचा वास, देव्हाऱ्याभोवती शेंडीची राख. आणि रोज दिवा लागला, की बंदुकीला हळदकुंकू.

"पुसू नको हां," ते मला प्रेमाने सांगतात.

मी दर शनिवारी, ते झोपले की, नाक दाबून पुसते.