वर अडकवलेले स्क्रॅचर

पार्सिपनीहून निघालो तेव्हा उजाडलं नव्हतं. मागच्या ट्रेलरवर दिलीपकाकांची स्नो बाइक ताडपत्रीखाली बांधलेली होती. काका माझ्या बाबांचे नागपूरचे कॉलेजमित्र, आता पार्सिपनीला राहणारे. मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकते. सुट्टीत एकटी राहू नकोस म्हणून त्यांनी बोलावून घेतलं. त्यांची मुलगी अनिका गाडी चालवत होती. मी मागे गप्प बसले होते, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. बरं वाटलं.

स्नो बाइक म्हणजे मोटरसायकलच. पुढच्या चाकाऐवजी रुंद स्की, मागच्या चाकाऐवजी रबरी पट्टा. हा पट्टा स्लायडरवरून (आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या) सरकतो. भुसभुशीत बर्फ उडत राहिला तर स्लायडर गार राहतात, कडक बर्फावर मात्र तापून झिजतात. म्हणून स्क्रॅचर लावतात, म्हणजे मागे फरफटत येणारे पोलादी तारेचे आकडे. ते बर्फ ओरबाडतात, त्याचा भुगा आत उडतो. कॉफीला थांबलो तेव्हा अनिकाने हे मला नॅपकिनवर काढून दाखवलं.

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात आकाश राखाडी होतं आणि झाडं काळी. बरेच दिवस नवा बर्फ पडला नव्हता. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाने ट्रेल, म्हणजे जंगलातली वाट, काचेसारखी चमकत होती. आम्हा दोघींसाठी अनिकाने एक स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी दोन सीटची गाडी, भाड्याने घेतली.

"बाबा, स्क्रॅचर्स डाऊन कर हं. इट्स ऑल आइस."

"हो गं माझे आई!"

दुपारी तळ्याकाठी तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. पुऱ्या गारठून चामट झाल्या होत्या. काकांनी डायबेटिसची गोळी घेतली. अनिका तळ्याचे फोटो काढायला गेली तेव्हा मला दिसलं, त्यांचे स्क्रॅचर वरच अडकवलेले होते.

"काका, हे सोडायचे होते ना?"

"अगं, नवेकोरे आहेत. टोकं घासून जातील. खरंच गरज लागली की सोडू."

माझ्या आईच्या घरी रिमोटवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे. मला त्यांचं म्हणणं चटकन पटलं.

पुढच्या चढावर जळक्या प्लास्टिकचा वास आला. बाइक कण्हल्यासारखा आवाज करत थांबली. स्लायडर वितळून पट्ट्याला चिकटले होते.

"बाबा! आर यू सिरियस?" अनिका खाली वाकून बघत ओरडली. "स्क्रॅचर्स आर मेंट टू बी यूज्ड!"

फोनला रेंज नव्हती. "बाबा, आधी तू माझ्यामागे बसून चल," असं तिने म्हणून पाहिलं. पण बाइक सोडून जायला ते तयार होईनात. शेवटी ती एकटीच मदत आणायला गेली. मी काकांपाशी थांबले.

बाइक वाटेतून बाजूला घ्यायला आम्ही ढकलू लागलो. कडेच्या ओढ्यावरचा बर्फ मोडला आणि काकांचा पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेला. बूट आतून भिजला.

"काका, दुखतंय?"

"छे गं. काहीच जाणवत नाहीये."

मला हायसं वाटलं. वारा सुटला होता. ते बाइकवर बसून नागपुरातल्या जुन्या मोटरसायकलच्या गोष्टी सांगत राहिले. कॉलेजच्या गेटसमोर बाबांना कसं पाडलं, ते सांगताना मोठ्याने हसले. थोड्या वेळाने त्यांचे शब्द जड होऊ लागले. मी जॅकेट काढून त्यांच्या पायाला गुंडाळलं, पाय हाताने चोळलाही. गारठलेला पाय चोळायचा नसतो, हे नंतर कळलं.

अनिका ट्रेलवर भेटलेल्या दोन माणसांना आणि बर्फावरून ओढायची स्लेड, म्हणजे घसरगाडी, घेऊन आली. तालुक्याच्या गावासारख्या लहान गावातल्या दवाखान्यात काकांचा मोजा कापून काढला. बोटं मेणासारखी पांढरी, टणक होती. डायबेटिसमुळे पायाची जाणीव आधीच गेलेली, असं डॉक्टर म्हणाल्या. दोन बोटं बहुधा काढावी लागतील; काही आठवडे वाट बघू.

घरी निघताना अनिकाने काकांची बॅग आवरली. तळाशी बॅटरीवर गरम होणारे मोजे निघाले, तिनेच वाढदिवसाला दिलेले. पाकीट उघडलेलंही नव्हतं.

"बाबा, व्हाय?"

काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "चांगले आहेत गं. तू ठेव."

ती पाकीट हातात धरून उभी राहिली. मग तिने ते दातांनी फाडलं आणि खाली बसून एक मोजा त्यांच्या धड पायात चढवला. काका नको नको म्हणत होते.

परतीच्या रस्त्यावर बर्फ पडू लागला. मऊ, भुसभुशीत, ज्यावर स्क्रॅचर लागतच नाहीत असा. काका मागच्या सीटवर पाय लांब करून होते. मी पुढे बसले होते. कुणीच बोलत नव्हतं. या वेळी ती शांतता मला बरी वाटली नाही.