व्हर्नचं तिसरं उत्तर

माझा भाऊ व्हर्न बोइचुक आयुष्यात एकदाही पहिल्या झटक्यात 'हो' म्हणाला नाही. लग्नातसुद्धा पाद्र्याला दोनदा विचारावं लागलं. आमच्या मॅनिटोबा प्रांतात ही रीतच आहे. कॉफी विचारली की 'नको', पुन्हा विचारली की 'कशाला त्रास', तिसऱ्यांदा विचारली की 'बरं, अर्धा कप'. मग दोन कप आणि वर ॲपल-पायचा मोठा तुकडा. व्हर्नने ही रीत जरा जास्तच मनावर घेतली होती. हिवाळाभर हा गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ ट्रकने काढायचा आणि घरी येऊन स्वतःच्या अंगणातला फावड्याने उपसायचा. कुणी मदतीला आलं तर, "राहू दे, झालंच आता." झालेलं काही नसायचं.

मग दुखण्याने त्याचे हातपाय नेले, वाचा नेली, शेवटी पापण्यांची उघडझापही नेली. डोकं तेवढं शाबूत. त्याला बोलतं करायला विनिपेग शहरातल्या एका प्रयोगशाळेतून डॉक्टर फेअरबर्न इस्पितळात आले. कपाळावर एक पट्टा बांधायचा. त्यातला प्रकाश कवटीच्या आत जाऊन परत येतो आणि मेंदूत रक्त कुठे वाढलं ते पडद्यावर दिसतं. 'हो' म्हणायचं असेल तर मनातल्या मनात गाणं म्हणायचं, 'नाही' म्हणायचं तर स्वस्थ पडून राहायचं. म्हणजे 'हो'ला कष्ट आणि 'नाही' फुकट! व्हर्नच्या मापाने शिवलेलंच यंत्र. आणि गाणार कोण, तर चर्चमध्ये नुसते ओठ हलवणारा हा गडी.

पण आठवडेच्या आठवडे घासून जमलं. "तुझं नाव व्हर्न?" पडद्यावरची रेघ सावकाश वर चढली. "तू दंतवैद्य आहेस?" रेघ आडवी. डॉक्टर असे खूश, जणू त्यांच्या घरी पाळणा हलला.

मग खरा प्रश्न आला. व्हर्नला घरी न्यायचं, की कायमचं शुश्रूषागृहात ठेवायचं? इस्पितळाला त्याच दिवशी उत्तर हवं होतं. त्याची बायको मर्ना हिने बैठकीच्या खोलीत पलंगही लावून ठेवला होता. ती वाकून म्हणाली, "व्हर्न, घरी येतोस?"

रेघ आडवी.

"स्पष्ट नकार," डॉक्टर म्हणाले. "इतकी स्वच्छ रेघ मी आजवर पाहिली नव्हती."

मर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. मला मात्र संताप आला.

"डॉक्टर, तुम्ही मूळचे कुठले हो?"

"व्हँकुव्हरचा. का?"

"तरीच! त्याला पुन्हा विचारा."

"एक प्रश्न एकदाच, असा नियम आहे. हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत बसलं तर त्याला विज्ञान म्हणत नाहीत."

"आमच्याकडे त्याला पाहुणचार म्हणतात."

मर्नाने आम्हा दोघांकडेही लक्ष दिलं नाही. "पलंग लावून झालाय, व्हर्न. आता त्रास कसला?"

रेघ जराशी थरथरली आणि पुन्हा आडवी झाली. डॉक्टरांनी मान हलवली.

"खिडकीतून रस्ता दिसतो," मर्ना म्हणाली. "नवा ड्रायव्हर काय गचाळ बर्फ काढतो रे! एकटीने किती नावं ठेवू? येतोस का?"

रेघ चढली. चढतच गेली. उत्तराची वेळ संपल्याची घंटी वाजली तरी खाली येईना.

"उत्तर मिळालं," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "त्यांना थांबायला सांगा आता."

"गाऊ दे त्याला," मर्ना म्हणाली. "माझ्यासाठी पहिल्यांदाच गातोय."